टीबी लॅम लघवीची पट्टी: टीबीचे अर्धे पेशंट हातून सुटतात हे खरंय, तरी वॉर्डात ठेवाच

डिटरमाईन टीबी लॅम या लघवीतून टीबी शोधणाऱ्या पट्टीबद्दल जे काय वाचायला मिळतं त्यातलं निम्मं "सेन्सिटिव्हिटी फक्त ४२ टक्के, कशाला घ्यायची" या छापाचं असतं (सेन्सिटिव्हिटी म्हणजे टीबी असलेल्या शंभरातले किती पकडले) आणि उरलेलं माहितीपत्रकातून उचललेलं. दोन्ही वाचून वॉर्डात काम करणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. मी लॅबमध्ये आहे, एचआयव्हीच्या पेशंटचे सॅम्पल रोज हातात असतात आणि ही पट्टी बऱ्याच दिवसांपासून वापरतेय, म्हटलं एकदा नीट लिहावं. आधीच सांगते, मला पट्टी आवडते. पण बरेच लोक ज्या अपेक्षेने ती मागवतात त्या अपेक्षेने मागवलीत तर तुम्ही नाराज होणार हे नक्की.

आधी ही चीज काय आहे ते. टीबीच्या जंतूच्या बाहेरच्या भिंतीत लायपोअरॅबिनोमॅनन नावाचा चरबी आणि साखर मिळून बनलेला पदार्थ असतो, बोलताना सगळे लॅम म्हणतात. जंतू वाढतात, मरतात, फुटतात तेव्हा तो सुटा होऊन रक्तात येतो आणि किडनीतून लघवीत उतरतो, पट्टीवर त्याला पकडणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या असतात, सापडला की रेघ उमटते. बस एवढंच. मशीन नाही, वीज नाही, थुंकी नाही. आधी ही पट्टी एलिअरची होती, आता ॲबटची आहे, म्हणून जुन्या पेपरात एलिअर लॅम असं नाव दिसतं, वस्तू तीच.

आता थुंकी सोडून लघवीच्या मागे का लागायचं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे कळलं नाही तर ४२ टक्क्यांचा आकडा पण कळत नाही. एरवीच्या माणसात टीबी झाला की शरीर त्याला फुफ्फुसात कोंडून ठेवायला बघतं, त्या भांडणात फुफ्फुसात पोकळी पडते, पोकळीत जंतूंची नुसती गर्दी आणि ते खोकल्यातून बाहेर येतात, म्हणून थुंकी तपासली की सापडतात. एचआयव्हीने सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, खाली आलेल्या माणसात कोंडून ठेवणारी फौजच उरलेली नसते. पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी, आणि जंतू मात्र रक्तातून लिव्हर, प्लीहा, गाठी, बोनमॅरो, किडनी असे सगळीकडे पसरलेले. म्हणजे माणूस जितका जास्त आजारी तितकी त्याची थुंकी जास्त खोटं बोलते. मायक्रोस्कोपखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० जंतू लागतात, तेवढे नसतातच. एक्सरे कधी कधी चक्क नॉर्मल येतो. आणि बऱ्याच जणांना थुंकी येतच नाही, कोरडा खोकला नाहीतर खोकलाच नाही, डबीत लाळ देतात बिचारे. दक्षिण आफ्रिकेत वॉर्डात भरती झालेल्या एचआयव्ही पेशंटवर स्टीफन लॉन यांच्या टीमने अभ्यास केला होता त्यात पहिल्या २४ तासांत थुंकी मिळाली ती शंभरातल्या चाळीस जणांचीही नाही, आणि लघवी मिळाली जवळजवळ प्रत्येकाची. लॉन २०१६ मध्ये गेले, पण लघवीतून टीबी शोधायचा हा मुद्दा त्यांनी किती चिकाटीने लावून धरला होता ते त्यांचे पेपर वाचले की कळतं.

आणि निदान सुटलं तर काय होतं? शवविच्छेदनांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये आला होता, साधनं कमी असलेल्या देशांतले एचआयव्हीने गेलेले लोक. शंभरातल्या साधारण ४० मृतदेहांत टीबी सापडला आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना टीबी आहे हे जिवंतपणी कोणालाच कळलं नव्हतं. ही पट्टी ज्या जागेसाठी बनलीय ती जागा ही.

वापरायला कशी आहे? सोपी, पण "कोणीही करू शकतं" असं जे म्हणतात तेवढी सोपी नाही. सीलबंद पाकिटात कार्ड असतं, त्यातली एक पट्टी फाडून घ्यायची, उजवीकडून फाडा कारण लॉट नंबर डावीकडे छापलेला असतो आणि तो शेवटपर्यंत राहायला हवा. वरचं कव्हर काढायचं, पिपेटने ६० मायक्रोलिटर लघवी पॅडवर सोडायची आणि २५ मिनिटं थांबायचं. वेगळं बफर घालायचं नाही. २५ मिनिटांच्या आत वाचायचं नाही आणि ३५ च्या पुढे वाचायचं नाही. इथेच सगळी गंमत आहे, वॉर्डात गडबड असते, कोणीतरी दहाव्या मिनिटाला डोकावून "रेघ नाही, निगेटिव्ह" असं म्हणून मोकळं होतं, किंवा पट्टी टेबलावर तशीच राहते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कोणाला तरी त्यात रेघ दिसायला लागते. टायमर लावा. मोबाईलवर लावा, काहीही करा पण लावा. आणि पिपेट खरंच ६० ची वापरा, ड्रॉपरने अंदाजे दोन थेंब टाकणं म्हणजे टेस्ट केल्याचं नाटक झालं.

लघवी सकाळची पहिलीच हवी असं काही नाही, पण स्वच्छ भांड्यात, मधल्या धारेची आणि ताजी असलेली बरी. बेडपॅनमधून ओतून घेतलेली, शौचाचा अंश मिसळलेली किंवा धूळ पडलेल्या उघड्या भांड्यातली नको, कारण माती आणि शौचातले बाकीचे जंतूही या रेघेला फसवू शकतात. भरती झालेल्या पेशंटला कॅथेटर असेल तर पिशवीत कालपासून साठलेली देऊ नका, ताजी उतरलेली द्या. पट्ट्या २ ते ३० डिग्रीत ठेवायच्या म्हणजे फ्रीज लागतोच असं नाही, पण खोली तापत असेल तर लागतो, आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या गार पट्टी वापरायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. पाकीट उघडं टाकून जाणारे पण भरपूर आहेत, आत ओलावा शोषणारी पुडी असते ती काय शोभेला ठेवलेली नाहीये.

वाचण्याबद्दल वेगळं लिहिते कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे. पट्टीसोबत एक रेफरन्स कार्ड येतं त्यावर वाढत्या गडदपणाच्या ४ रेघा छापलेल्या असतात. कंट्रोलची रेघ आली पाहिजे, ती नसेल तर टेस्ट बाद. पेशंटची रेघ कार्डावरच्या पहिल्या रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद असेल तर पॉझिटिव्ह, त्याहून फिकट असेल तर नाही. ऐकायला सरळ आहे. प्रत्यक्षात ट्यूबलाईटखाली एक म्हणतो आहे, खिडकीपाशी दुसरा म्हणतो नाही, आणि तिसरा म्हणतो मला चष्मा बदलायचाय. हा घोळ जुना आहे, २०१४ पर्यंत कार्डावर ५ रेघा होत्या, त्यातली सगळ्यात फिकट काढून टाकली आणि जुन्या दुसऱ्या रेघेला पहिली केलं, कारण त्या अगदी फिकट रेघेला पॉझिटिव्ह धरलं की खोटे पॉझिटिव्ह वाढत होते. म्हणून जुने पेपर वाचताना ग्रेड १, म्हणजे कार्डावरची पहिली रेघ, ही जुन्या कार्डावरची की नव्या ते बघा, नाहीतर चुकीची तुलना होते. आमच्याकडे दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि न जुळल्यास तिसऱ्याला बोलवायचं असा नियम आहे, आणि रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह न लिहिता ग्रेडही लिहितो. ग्रेड का? कारण जितकी रेघ गडद तितके जंतू जास्त पसरलेले असण्याची शक्यता जास्त. लॅम पॉझिटिव्ह आलेल्या टीबीच्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका लॅम निगेटिव्ह टीबीवाल्यांपेक्षा साधारण दुप्पट असतो असं एकत्रित अभ्यासांत दिसलंय. गडद रेघ दिसली की मी रिपोर्ट ट्रेमध्ये टाकत नाही, फोन करते.

आता तो ४२ टक्क्यांचा आकडा. कॉक्रेन म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१९ च्या आढाव्यात टीबीची लक्षणं असलेल्या एचआयव्ही पेशंटमध्ये सेन्सिटिव्हिटी ४२ टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे टीबी नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह सांगणं, ९१ टक्के आली. लोक इथे वाचायचं थांबवतात. पुढचं वाचा ना. त्याच आढाव्यात भरती झालेल्यांमध्ये ५२ टक्के, ओपीडीत येणाऱ्यांमध्ये २९ टक्के. सीडी फोर १०० किंवा त्याखाली असलेल्यांमध्ये ५४ टक्के, २०० च्या वर असलेल्यांमध्ये १६ टक्के. म्हणजे ही पट्टी एकच नाहीये, समोर कोण आहे त्यावर ती चांगली किंवा जवळजवळ निरुपयोगी होते. चालत आलेल्या, औषधं नीट घेणाऱ्या, सीडी फोर ५०० असलेल्या माणसावर ती लावून "काही सापडत नाही" म्हणणारे रिव्ह्यू मी वाचलेत. सापडणारच नाही हो, त्याच्या रक्तात एवढे जंतूच फिरत नाहीयेत की लघवीत लॅम उतरेल. एचआयव्ही नसलेल्यांवर तर लावूच नका, त्यांच्यासाठी ही टेस्ट नाहीच.

दुसरं म्हणजे निम्मे सुटतात हा हिशोब सगळ्या टीबी पेशंटवर केलेला असतो. वॉर्डात प्रश्न वेगळा असतो. समोरचा माणूस उठून बसू शकत नाही, थुंकी नाही, एक्सरेत फार काही नाही, ताप आणि वजन उतरलेलं, कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचा, रिपोर्ट यायला सहा आठवडेही लागू शकतात आणि एवढा वेळ त्याच्याकडे नाही. अशांतल्या निम्म्यांचं निदान भरती झाल्या दिवशी अर्ध्या तासात मिळत असेल तर ते मला कमी वाटत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या टेस्टने त्यांचं निदान त्या दिवशी झालंच नसतं. ४२ ची तुलना १०० शी करतात, ती त्या पेशंटसाठी खऱ्या अर्थाने हातात असलेल्या पर्यायाशी करायला हवी आणि बऱ्याचदा तो पर्याय शून्य असतो.

याने जीव वाचतात का, हे पण तपासून झालंय, आणि निदानाच्या टेस्टबद्दल एवढं तपासलेलं फार कमी वेळा बघायला मिळतं. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेल्या ट्रायलमध्ये दक्षिण आफ्रिका, टांझानिया, झांबिया आणि झिम्बाब्वेतल्या १० हॉस्पिटलमधले २,५०० हून जास्त एचआयव्ही पेशंट होते, टीबीचा संशय असलेले, भरती झालेले. नेहमीच्या तपासण्यांसोबत लॅम केलेल्या गटात ८ आठवड्यांत २१ टक्के गेले, न केलेल्या गटात २५ टक्के. नंतर २०१८ ची स्टॅम्प ट्रायल, मलावी आणि दक्षिण आफ्रिकेतली, त्यात लक्षणं असोत नसोत, भरती झालेल्या सगळ्यांची लघवी तपासली, लॅम केलेल्या गटात १८.३ टक्के गेले, न केलेल्यात २१.१ टक्के, हा फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने पक्का नाही ठरला, पण सीडी फोर १०० च्या खाली असलेले, हिमोग्लोबिन फार कमी असलेले आणि डॉक्टरांना आधीच टीबीचा संशय असलेले यांच्यात फायदा स्पष्ट दिसला. पुढे दोन्ही एकत्र करून बघितलं तेव्हा भरती पेशंटमध्ये मृत्यूचा धोका साधारण १५ टक्क्यांनी कमी. थोडा वाटतो? एका लघवीच्या पट्टीकडून अजून काय हवंय तुम्हाला.

कोणावर वापरायची ते डब्ल्यूएचओने सांगून ठेवलंय आणि ते दर काही वर्षांनी ढिलं होत गेलंय. २०१५ मध्ये फारच आखडतं होतं, २०१९ मध्ये मोकळं केलं. भरती झालेल्यांमध्ये टीबीची लक्षणं असतील, किंवा पेशंट गंभीर असेल, किंवा एचआयव्ही पुढच्या टप्प्यात गेला असेल तर सीडी फोर न बघताच करा, आणि सीडी फोर २०० च्या खाली असेल तर लक्षणं नसली तरी करा. ओपीडीत लक्षणं असतील किंवा गंभीर असेल तर करा, आणि सीडी फोर १०० च्या खाली असेल तर लक्षणं नसतानाही. गंभीर म्हणजे श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, ताप ३९ डिग्री किंवा वर, नाडी १२० किंवा वर, किंवा आधाराशिवाय चालता न येणं, यातलं एक जरी असलं तरी. शेवटच्याला कुठलं उपकरण लागत नाही, दारातून आत येतानाच कळतं.

बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं ते सीडी फोरपाशी. व्हायरल लोड (रक्तातला एचआयव्ही मोजायची टेस्ट) सुरू झाला तसा सीडी फोर करायचा बंद झाला, "औषधं सगळ्यांनाच देतोय मग कशाला मोजायचा" म्हणून. मग कोण १०० च्या खाली आहे ते कळत नाही आणि पट्ट्या कपाटात पडून एक्सपायर होतात. औषधं मध्येच सोडून परत आलेल्या माणसाचा तरी सीडी फोर करा. मशीन नसेल तर २०० च्या वर की खाली एवढंच सांगणारी रक्ताची पट्टी पण मिळते आता, त्यानेही काम भागतं.

खोटे पॉझिटिव्ह. टीबी नसलेल्या १०० पैकी ९ हा आकडा घाबरवतो खरा. पण यातले सगळे खोटे असतील असं मला वाटत नाही. बऱ्याच अभ्यासांत खरा टीबी कोणाला हे ठरवायला मुख्यतः थुंकीच्या तपासण्या वापरल्या आणि माणसाचा टीबी थुंकीत नसून रक्तात आणि गाठीत असेल तर पट्टी बरोबर आणि थुंकी निगेटिव्ह, तरी दोष पट्टीच्या नावावर जातो. खरा दोष एक आहे, टीबीचे चुलतभाऊ म्हणजे एनटीएम जंतू, त्यांच्या भिंतीतही असाच पदार्थ असतो आणि सीडी फोर अगदी तळाला गेलेल्यांना तेही आजार होतात. पट्टीला फरक कळत नाही.

जीनएक्सपर्टशी, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या टेस्टशी, तुलना मला सतत विचारतात आणि दोन्हींतलं एक निवडा म्हणतात. हा प्रश्नच चुकीचा आहे. जीनएक्सपर्ट ही निःसंशय जास्त ताकदीची टेस्ट, २०१० च्या डिसेंबरमध्ये डब्ल्यूएचओने मान्य केली, जुन्या कार्ट्रिजला मिलिलिटरमध्ये साधारण १३० जंतू लागायचे, अल्ट्रा कार्ट्रिजला १६ पुरतात, दीड दोन तासांत उत्तर आणि वर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही हेही सांगतं. लॅमची पट्टी हे शेवटचं अजिबात सांगत नाही आणि हे विसरून चालत नाही, पट्टी पॉझिटिव्ह आली, उपचार सुरू झाले, सगळे खूश, आणि जंतू रेझिस्टंट निघाला तर? म्हणून लॅम पॉझिटिव्ह आला तरी थुंकी, नाहीतर गाठीतलं पाणी, नाहीतर जिथून मिळेल तिथून सॅम्पल एक्सपर्टला जायलाच हवं. उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत, सॅम्पल मात्र औषधाच्या आधी घेतलेलं बरं. २०२४ पासून डब्ल्यूएचओ पण हेच म्हणतंय की एचआयव्हीच्या पेशंटमध्ये थुंकीची मॉलिक्युलर टेस्ट आणि लघवीची लॅम एकाच वेळी करा, एकीचा रिपोर्ट बघून दुसरी असं नाही. मला हे आधीपासून पटत होतं कारण "आधी एक्सपर्ट येऊ दे मग बघू" यात माणसाचे दोन दिवस जातात.

जाता जाता अल्ट्राचा "ट्रेस" रिपोर्ट, म्हणजे जंतूचा डीएनए अगदी थोडा सापडला असा. एचआयव्ही असलेल्या पेशंटमध्ये ट्रेस म्हणजे पॉझिटिव्ह धरायचं, "फारच थोडं आहे, परत करू" म्हणून बसायचं नाही. फक्त आधी टीबीचे उपचार झालेले असतील तर मेलेल्या जंतूंचा डीएनए असू शकतो, तिथे डॉक्टरांना सगळं एकत्र बघून ठरवावं लागतं. आणि ट्रेसवर रिफाम्पिसिनचं उत्तर मिळत नाही. मेंदूज्वराचा संशय असेल तर मणक्यातलं पाणी अल्ट्राला, लॅमची पट्टी तिथे बदली खेळाडू नाही.

बाकीच्या टेस्टबद्दल पटकन. हातावरची त्वचेची टेस्ट आणि रक्ताची आयजीआरए, दोन्ही सुप्त टीबीसाठी, आजार आहे की नाही हे त्यांना कळत नाही आणि सीडी फोर कमी असेल तर खोट्या निगेटिव्ह येतात, त्यामुळे भरती पेशंटवर त्या करून वेळ घालवू नका. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट, बरी आहे, औषधं अजून सुरू न झालेल्या एचआयव्ही पेशंटला गाळायला उपयोगी, लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढची तपासणी. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम या चार प्रश्नांची चाळणी फुकटात होते आणि चांगली आहे, पण एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, असलेल्यांमध्ये ती जवळपास निम्म्या जणांना सोडून देते, तेव्हा चारही उत्तरं "नाही" आली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

लॅम निगेटिव्ह आला तर? धूर दिसला तर आग आहे, धूर नाही म्हणजे आग नाही असं कोणी म्हणत नाही, तसं. निगेटिव्ह पट्टीने टीबी बाद होत नाही, हे मी रिपोर्टवर शिक्का करून घेतलाय कारण निगेटिव्ह बघून तपासण्या थांबवलेल्या मी पाहिल्यात. उलट टोकाचे लोक पण आहेत, म्हणतात टेस्ट कशाला, सीडी फोर १०० खाली आहे ना, देऊन टाका टीबीची औषधं सरसकट. हेही करून बघितलंय, आयव्हरी कोस्ट, युगांडा, कंबोडिया आणि व्हिएतनामची स्टॅटिस ट्रायल, २०२० मध्ये निकाल आला. सरसकट औषधं देणं आणि एक्सपर्ट, लॅम, एक्सरे करून ज्यांना लागतील त्यांनाच देणं, मृत्यूंत फरक नाही आणि सरसकटवाल्यांत औषधांचे गंभीर त्रास जास्त. म्हणजे टेस्ट करून औषध देण्यात काही गमावत नाही. अर्थात समोर माणूस झपाट्याने खाली जातोय आणि सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, तर डॉक्टर संशयावर सुरू करतातच आणि करायलाच हवं, ते वेगळं.

फुजीच्या पट्टीबद्दल विचारणारे बरेच भेटतात. फुजीफिल्मने फोटोच्या फिल्ममधली चांदीची युक्ती वापरून रेघ गडद करणारी लॅमची टेस्ट काढली, २०१९ च्या पेपरात तिची सेन्सिटिव्हिटी ७० टक्के आली, त्याच सॅम्पलवर डिटरमाईनची ४२. आम्ही सगळे हुरळून गेलो होतो. पण पुढच्या अभ्यासांत एका लॉटचा निकाल दुसऱ्या लॉटशी जुळेना. शिवाय पाच पायऱ्या आणि जवळपास एक तास. आकडे कितीही छान असले तरी लॉट बदलला की उत्तर बदलणारी टेस्ट मला नको, आहे ती कमी पकडणारी पण ओळखीची पट्टी बरी.

नातेवाईकांसाठी दोन ओळी, कारण तेही वाचतात हे. ही घरी करायची टेस्ट नाही, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी दिसते म्हणून मागवू नका. तुमच्या माणसाला एचआयव्ही आहे, वजन उतरतंय, ताप येतोय आणि "थुंकीत काही नाही" म्हणून घरी पाठवलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की सीडी फोर किती आणि लघवीची लॅम होऊ शकते का. आणि टीबी निघाला तर एआरटी सुरू नसेल तर ती दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी, मेंदूचा टीबी असेल तर मात्र थांबून, चार ते आठ आठवड्यांनी. एआरटी सुरू झाल्यावर काही दिवस ताप आणि गाठी उलट वाढू शकतात, प्रतिकारशक्ती जागी झाल्यामुळे, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका, दाखवायला या.

लहान मुलांत पण चालते, एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी आता थुंकी किंवा तत्सम सॅम्पल, शौच आणि लघवी तिन्ही एकत्र पाठवा असं सांगितलंय. मुलं थुंकी देत नाहीत, गिळतात, म्हणून शौचात सापडतं. छोट्यांची लघवी धरणं हा मात्र वेगळाच पराक्रम आहे, पिशवी चिकटवायची आणि आईने वाट बघायची, त्यात पिशवी सुटली की पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या आवृत्तीत मला काय हवं ते सांगते, कोणी बनवणारा वाचत असेल तर. रेघ वाचायला एक छोटं स्वस्त रीडर द्या, नाहीतर निदान मोबाईलच्या कॅमेऱ्याने वाचता येईल अशी सोय करा, फिकट रेघेवरची भांडणं संपतील. पट्टीसोबत मोजून ६० मायक्रोलिटर घेणारं एकदाच वापरायचं पिपेट द्या, बऱ्याच ठिकाणी ते नसतं म्हणून थेंब मोजत बसतात. आणि पाकिटं छोटी करा, एका वेळी एकदोनच पेशंट असणाऱ्या सेंटरला मोठ्ठं पाकीट उघडलं की उरलेल्या पट्ट्या ओलाव्याने खराब होण्याच्या भीतीने कोणी उघडतच नाही, आणि मग ज्या पेशंटसाठी ती मागवली होती त्याचीच टेस्ट राहून जाते.